तीन बुचकळ्या

जत्रेचा दिवस. कार्बायिन्योला समुद्र नाही,
तरी गावभर ऑक्टोपस शिजतो.
तांब्याच्या हंड्यापाशी एर्मितास,
हातात आकडा, चष्म्यावर वाफ.

नात उशिया शाळेतून ताजी बातमी घेऊन आली:
"आजी, याला तीन हृदयं असतात. आणि रक्त निळं."
"असेल. मला कुणी विचारलं नाही."
चाळीस वर्षं कात्रीनं पाय कापले तिनं,
लाकडी ताटलीत मांडले, वर जाडं मीठ, लाल तिखट.
हृदयाशी कधी गाठ पडली नाही;
माल बंदरावरूनच साफ होऊन येतो.

"आणि पोहायला लागला ना,
की त्यातलं मोठं हृदय थांबतं.
म्हणून तो तळाशी सरपटत राहतो."

आकडा हवेतच राहिला.

अमारो बिगोहून बोटीवर चढला
तेव्हा म्हणाला होता, दोनच हिवाळे.
बुएनोस आइरेसहून तीन पत्रं, एक फोटो,
फोटोत कुणाचा तरी कोट.
ती समजत आली, माणूस विसरला.

"बाई, दोन प्लेट! लवकर!"

तिनं नवा ऑक्टोपस आकड्याला लावला,
उकळत्या पाण्यात बुडवला, वर काढला.
एक.
कातडी सुटू नये म्हणून तीनदा घाबरवायचं,
मग सोडायचं, आईनं शिकवलेलं.
दोन.

"तीन," उशियाच म्हणाली. "आजी, तुला माहीत होतं!"
"नाही गं. जा, पाव आण."

त्या दुपारी पहिल्यांदाच
कुणीतरी ताटली परत पाठवली:
मीठ फार झालंय.