परतीची बाकी

नावेची वही माझ्याकडं असते.
माणूस पाच, फटफटी दहा, दुधाचा कॅन दोन,
शेळी मांडीवर बसली तर फुकट.
मयताचे पैसे सिद्राम अंबी घेत नाही,
त्याच्या बापानंही घेतले नव्हते.

कृष्णेच्या या काठाला कागवाड तालुका,
त्या काठाला शिरोळ.
मधे बांबू तळाला टेकत नाही
तेवढं पाणी कुणाच्याच उताऱ्यावर नाही.
मोबाईल मात्र नेमका तिथंच थरथरतो,
सुस्वागतम म्हणतो.

एका साली धरणाचं पाणी सुटलं.
आमच्या तहसीलदारानं मंगळवारी नाव बंद केली,
त्यांच्या तहसीलदारानं गुरुवारी.
आणि मंगळवारी रात्री नाव पलीकडं मुक्कामाला,
इंजिनाचा पट्टा तुटला म्हणून.

बुधवारी सकाळी सिद्रामनं पट्टा चढवला,
सतरा माणसं घेतली, निघाला.
घाटावर हवालदार हुक्केरी, हातात कागद.
दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
"होगबारदु अंत ऐती.
बरबारदु अंत इल्ला."
जायचं नाही, असं आहे खरं.
यायचं नाही, असं कुठंय?
आणि स्वतःच वाकून दोर धरला.

सतरा जण कानडी शाळेच्या पडवीत निजले.
लसीची पेटी उशाला घेऊन नर्सबाई,
एक तंबाखूचा दलाल,
शाळा बुडाली म्हणून खूश दोन पोरं,
मुलगी बघायला आलेले नऊ पाहुणे,
ज्यांचा नकार तवनाप्पाच्या घरची
शेंगाचटणी खाऊन खाऊन
तिसऱ्या रात्री होकारात गेला.
बाकीचे कोण होते, वहीत नुसते आकडे आहेत.

चौथ्या दिवशी लाल गाडीनं, मिरजेवरून,
सगळे लांबच्या वाटेनं घरी गेले.
जाता-येताचे दहा घेतले होते मी,
स्टँडवर जाऊन पाच-पाच परत केले.

अक्काताई कासार तेवढी गाडीत चढली नाही.
बांगड्यांची पेटी डोक्यावर तशीच.
"राहू दे तुझ्याकडं," म्हणाली,
"नावेनं आले, नावेनंच जाईन."

गिरणीमागं खोली घेतली तिनं.
पाणी उतरलं. नाव सुरू झाली.
पलीकडं कोण आहे, मी विचारलं नाही.
मार्चअखेर पान उलटतो,
ओळ पुढच्या वहीत ओढतो:
कासार, परत, एक.

नाव रोज सहादा तिकडं जाते.
अक्काताई घाटावर येते,
उतरणाऱ्या बायकांची मनगटं बघते,
एखादीला जवळ बोलावते,
पाण्याकडं पाठ करून बसते
आणि माप घेते.