शिंगांचं माप

नगरपालिकेतून पोरगा आला. म्हणाला, ऑगस्ट तोंडावर आलाय,
माप घ्यायला कधी येता, मेस्त्री?

माप मला पाठ आहे.
दोन शिंगांच्या बुडाशी एक वीत चार बोटं,
मधे पट्टी, चार स्क्रू, वर दोन दांड्या,
दांड्यांच्या टोकांना डांबरात भिजवलेले गोळे.
वडिलांनी शिकवलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी.
स्क्रू मात्र तोर्तोसाच्या दुकानातले,
पाकिटावर किंमत चिकटवलेली.

खोटं नाही बोलणार, मला आवडायची ती रात्र.
एब्रोच्या मुखाशी ओल्या भातशेतांचा वास, डासांचे थवे,
मी वडिलांच्या खांद्यावर;
दोर कापला की अंधारात
दोन जाळ आपलेआपण पळत सुटायचे.
वळू दिसायचाच नाही.
पुढे सिन्ता मला पहिल्यांदा बिलगली
तीसुद्धा त्याच गर्दीत.

महापौर बाई भाषणात सांगतात, तीनशे वर्षं.
असतील. मी मोजायला नव्हतो.
पण वळू चार वर्षांचा असतो.
त्याच्या हिशेबात गवत, माश्या, एक कुंपण,
आणि मग एकदम आपण सगळे.
सिन्ता म्हणायची, तुझे पणजोबा चिमट्यानं
गावाचे दातही उपटायचे, एउदाल्द.
तू का जातोस डॉक्टरकडे?

त्या साली तो गल्ली चुकला.
भट्टीचं दार उघडं होतं. आत आला.
लोक उंबऱ्याशी थबकले, कुणी शीळ घातली.
मी ऐरणीच्या मागे.
डोळे मिटलेले, पापण्यांवर ठिणग्या गळत होत्या,
नाकानं वास घेत घेत तो हौदापाशी गेला,
तापलं लोखंड मी जिथे विझवतो.
मान खाली घातली.

चर्र.

चाळीस वर्षं रोज ऐकत होतो तो आवाज.
त्या रात्री ऐकला.

एकच शिंग विझलं. दुसरं हौदाच्या काठाला अडलं.
तो तसाच, अर्धा पेटलेला,
पाणी पीत राहिला.
दारातून कुणीतरी ओरडलं,
हाकला त्याला मेस्त्री, खेळ खोळंबलाय!

हाकलला मी.
लांब दांड्याच्या चिमट्यानं. बरगडीत.

पोरगा अजून उभाच होता.
सांगितलं, हात कापतो रे आता.
त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं.
हात कापत नव्हता.
हरकत नाही, म्हणाला, आम्पोस्तात एकजण
ॲल्युमिनियमची करून देतो. हलकी असते,
वळूला त्रास कमी.

तो गेल्यावर पट्टी खुंटीवरून काढली,
भंगारात टाकवेना, परत टांगली.
मग हौद घासला. भरला, काठोकाठ.
ऑगस्टात फार उकडतं इकडे.
दार मी रात्रीही उघडंच ठेवतो.