दुसऱ्यांची राख

राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी
सिप्रू साक्रिस्तांव गोणपाटाचं पोतं घेऊन
चोडणात आमच्या वाड्यावर दारोदार फिरतो.
गेल्या वर्षीच्या पाती द्या म्हणतो,
क्रुसामागे खोचलेल्या, वाळून पिवळ्या पडलेल्या.
त्या जाळून राख होते,
तीच आपल्या कपाळावर.

मी म्हटलं, हरवली.

होती. इनासच्या फोटोमागे होती.
जुलैत गेला तो, भरतीच्या रात्री, मानशीवर.
त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारी
सोप्यावर बसून विणला होता त्यानं तो क्रूस,
जाळ्याची गाठ मारून,
कारण दुसरी गाठ त्याला येतच नव्हती.

बुधवारी रांगेत उभी राहिले.
पाद्रीचा अंगठा टेकला: तू माती आहेस.
माती मान्य.
पण राख दुसऱ्यांची होती,
बेर्टाच्या घरची, तिठ्यावरल्या लोबोंची,
ज्यांनी मुकाट्यानं पोत्यात टाकली त्यांची.
आमच्या घरचं त्यात काही नव्हतं.

मग कोरेज्मभर मी हिशेब भरत बसले.
मांस सोडलं, मागोमाग बांगडाही.
चहातली साखर.
शुक्रवारी एका पेजेवर.
डोंगरावर काजूच्या भट्ट्या पेटल्या,
हुर्राकाचा वास आत येऊ लागला,
मी खिडकी लावून घेतली. तेही मनात लिहून ठेवलं.
नदीपलीकडे शिगम्याचे ढोल,
आणि फेरीबोटीत शेवंता म्हणाली,
वाळलीस गो, तुमचा उपास आमच्याहून कडक.
मला बरं वाटलं.
तेच वाईट.
कोणी न मागितलेलं सगळं देत होते,
आणि जे मागायला माणूस दारात आला होता
ते फोटोमागे.

झावळ्यांच्या रविवारी नवी पात मिळाली.
मला विणता येत नाही.
तशीच सरळ धरून घरी आणली,
सुरी आणावी तशी.

गुड फ्रायडेला घंटा मुक्या.
नुसती लाकडाची मात्राका, खट खट खट,
जणू कोणी बंद घराचं दार ठोठावतंय.
देवाला क्रुसावरून उतरवतात तेव्हा
शिडी दरवर्षी इनास धरायचा.
यंदा लोबोंचा धाकटा, मिसरूडही न फुटलेला.
शिडी हलली.
मूर्तीच्या खांद्यांना बिजागऱ्या आहेत,
खिळे निघाले तसे हात खाली आले,
सैल, जड.
तसे हात मी पाहिलेत,
बांधावर, बॅटरीच्या उजेडात.

प्रार्थना आली नाही. शिवी आली.
गिळली नाही मी ती.
ज्याची होती त्यालाच दिली.
एवढ्या दिवसांत त्याच्याशी
मी पहिल्यांदा खरं बोलले.

शनिवारी सिप्रूला सांगितलं, हरवली नव्हती.
तो अंगणात जाळासाठी करवंट्या रचत होता.
वर न बघता म्हणाला,
दरवर्षी पोतं कमीच भरतं, एस्पेरान्स बाय.
राख मात्र पुरते.

रात्री जाळ धरला.
ती गाठ सोडवताना नख तुटलं.
आडवी पात आगीत टाकली,
उभी झग्याच्या खिशात ठेवली.
म्हटलं, देवा, सध्या एवढंच.

आत थोड्या वेळानं घंटा सुरू झाल्या, सगळ्या एकदम.
त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.