गजघाटेचा गोल

मोतीबागच्या मैदानावर एकतीस वर्षं मी स्कोअर लिहिला.
कुणी मारला, कितव्या मिनिटाला,
डाव्या पायानं की डोक्यानं.
धनपाल गजघाटे माझ्या वहीत जवळजवळ नाहीच.

स्टॉपर बॅक. पाठीवर पाच नंबर,
उजव्या भुवईत कामठीच्या कुणा फॉरवर्डच्या दाताची खूण.
रेल्वेच्या कोट्यात लागला,
मग दोन सीझन कोलकात्याला पगारावर खेळला,
तिसऱ्याला हावडा मेलनं
सुजलेला गुडघा घेऊन परत आला.

तो फारसा पळायचा नाही.
बॉल जिथं येणार तिथं आधीच उभा,
जसा महिनाअखेरी बिल घेऊन दारात पेपरवाला.
"अबे, हा हटत काऊन नाही?" फॉरवर्ड चिडायचे.
लोक गोल पाहायला कडुनिंबावर चढायचे
आणि गजघाटे असला की उतरून पानठेल्यावर जायचे.
न झालेल्या गोलांना माझ्याकडे रकाना नव्हता.

एकदाच लिहिलं त्याचं नाव.
फायनल, एकोणनव्वदावं मिनिट,
उजवीकडून क्रॉस आला, त्यानं पाय घातला,
जाळी हलली. आपलीच.
पुढं लिहावं लागतं, स्वयंगोल.
तिथं शाई पसरलीय.
रडला होतास का बे, विचारतात लोक.
घाम होता. ऑक्टोबरचं ऊन होतं.

आता तो इंदोऱ्याच्या पोरापोरींना शिकवतो,
पहाटे साडेपाचला.
शिट्टी नाही; जीभ टाळूला लावून टॉक् करतो.
"झोपू नको बॉलवर. आडवा पडला का संपला तू.
थांब. त्याले घाई हाय, तुले नाही."
खांदे धरून एकेकाला मागं मागं नेतो,
तोंड पुढं ठेवून मागं जायला
पोरांना महिने लागतात.

परवा उत्पला रंगारीनं आपल्याच गोलात मारला.
बूट काढून भिरकावले, बाकड्याखाली शिरून बसली.
गजघाटे तिला काहीच बोलला नाही.
माझ्या घरी आला. चहा नको म्हणाला.
"वही काढ. ते पान."
"कोणतं?" मी उगाच विचारलं.
"तुले माहीत हाय."

वाळवीनं कडा खाल्लेली वही घेऊन आम्ही दोघं मैदानावर.
त्यानं नावावर बोट ठेवलं.
तिनं मोठ्यानं वाचलं,
शाईचा डाग नखानं खरवडून पाहिला,
मग म्हणाली, "सर, अन् बाकीच्या पानावर तुमी कुठं?"

गजघाटे माझ्याकडं बघू लागला.
मी पानं उलटली. शून्य-शून्य. एक-शून्य. शून्य-शून्य.
"इथं," म्हणालो, "अन् इथं.
अन् ही चिखलातली मॅच, इथंबी."
पोरीला किती कळलं, ठाऊक नाही.
ती बूट शोधायला गेली, एकच सापडला.
गुडघा दाबत तो वाकला,
दुसरा बाकड्यामागून ओढून तिच्या पुढ्यात टाकला
आणि जीभ टाळूला लावली.
टॉक्.