चित्र दिसत नसेल तर

रुवीत, घड्याळाच्या मनोऱ्यामागे, दुसऱ्या मजल्यावर
मी ईमेल बांधते.
लिहीत नाही. लिहिणारे दुसरे आहेत.
चौकटीत चौकट, तिच्यात आणखी एक,
बाकीच्या जगाने वीस वर्षांपूर्वी टाकून दिलेली रीत,
पण आउटलुकला दुसरी कळत नाही.
गोल कोपरे दिले तर चौकोनी करून परत करतो,
समास सोडला तर विचारतो, कसला समास?

जीमेल वेगळा.
डोक्यावरचं सगळं कधी कधी दारातच उतरवून ठेवतो.
म्हणून एकेका कप्प्याला नव्याने सांगायचं:
तुझा रंग हा, तुझा टाइप हा, उंची एवढी,
शेजाऱ्याकडून काही मिळेल या आशेवर राहू नकोस.
ज्याचे कागद त्याच्या खिशात.
हे मला इथे येऊन कुणी शिकवावं लागलं नाही.

वर इंग्रजी, खाली अरबी.
अरबी उजवीकडून निघते, आकडे तिच्यातही डावीकडून,
आणि टक्क्याचं चिन्ह दोघींच्या मध्ये
कुणाच्या घरी उतरावं ते न कळलेल्या पाहुण्यासारखं.
सुमैया अल-बलुशी खुर्चीमागे उभी राहून म्हणते,
"टिंब बघ. वाक्याच्या चुकीच्या टोकाला बसलंय."
लिपी मला वाचता येत नाही.
टिंब मात्र मी पकडते.

टेबलाच्या खणात अकरा फोन.
एकाची काच तडकलेली, एक फक्त चार्जरवर जगतो.
तो बिजॉयने हमरियातल्या दुकानातून उचलला:
"कामगार हेच वापरतात, चेची."
त्यावर चित्रं येत नाहीत.
करडा चौकोन येतो, आणि चौकोनात
चित्राच्या ऐवजी म्हणून मी लिहिलेले शब्द.

ईदच्या आधी एक्स्चेंजचं ईमेल होतं.
पैसे पाठवा, फी माफ.
चित्रात एक माणूस: पांढरा शर्ट, दात, हातात फोन,
कुठल्याच गावचा नव्हे.
त्याच्या जागी चाचणीपुरतं मी मराठीत लिहिलं,
नंतर बदलू म्हणून:
"इथे एक माणूस हसतोय. कशाला, माहीत नाही."

नंतर डार्क मोडने लोगो काळ्यावर काळा केला.
त्याला पांढरी किनार लावत बसलो,
रात्रीचा दीड वाजला,
चाळीस हजार ईमेल गेली.

ज्यांना चित्र दिसलं त्यांना चित्र दिसलं.
कुणाची तक्रार नाही.
इफ्तारनंतर सुमैयाने खजुरांचा डबा उघडला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं,
"उत्तर देऊ नका" असं छापलेल्या पत्त्यावर,
जिथे कुणी बघत नाही. मी बघते.
दाऊद परकार, सोहार बंदर, क्रेनवर.
अक्षरं इंग्रजी, भाषा आपली:

"फोटो आला नाय. पण वाचला.
बावीस वर्सं तुमचे कागद येतात,
आपल्या भाषेत पयल्यांदा आला.
तो मानूस हसतो कारन त्याचा पैसा घरी पोचला असंल.
माझा पोचला नाय. रसीद नंबर खाली देतो."

खाली नंबर होता.
मी तो कागदावर उतरवून काउंटरला नेऊन दिला.
पासपोर्टात 'पर'ला एक ए, बँकेत दोन,
तेवढ्यावर पैसे नऊ दिवस मध्येच कुठेतरी उभे होते.
मंगळवारी पोचले.

मजकूर मी दुरुस्त केला.
"या ईदला घरी पैसे पाठवा", दोन भाषांत, मंजूर.

तो जुना फोन अजून शेवटी काढते.
करडा चौकोन येतो.
आता त्यात काय लिहावं याला जरा जास्त वेळ लागतो.
बिजॉय विचारतो, "चेची, चित्र तर येतंय ना?"
येतंय, म्हणते.
बाकीच्या दहांवर.