तीन पायांचं हरीण

साखर आधी जाळावी लागते.
लोखंडी तव्यात, ढवळत ढवळत,
पिवळी, तांबूस, मग कोऱ्या चहासारखी.
घरभर धूर होतो, डोळे चुरचुरतात,
तेव्हा आई म्हणते, अजून थोडी.
भिऊन लवकर उतरवली तर पीठ फिकं राहतं,
आणि फिक्या हरणाला कोण विचारतं?

मग उकळतं पाणी. चर्र करून तवा अंगावर येतो.
लोणी, लवंग, दालचिनी,
राय धान्याचं काळपट पीठ.
गोळा फडक्यात बांधून तीन दिवस
बाहेरच्या गार खोलीत,
जिथे गोठलेले मासे सरपणासारखे रचलेत.

मेझेन नदी या काठापासून त्या काठापर्यंत दगड झालेली.
जुन्या पंचांगाचा नाताळ चार दिवसांवर.
उजेड दुपारी खिडकीशी येऊन जातो,
चहालाही थांबत नाही.

साच्यांचं खोकं निघतं.
बोकड, कोंबडा,
एक सील, जो भाजल्यावर नेहमी बटाट्यासारखा दिसतो,
आणि हरीण.
हेरिंगच्या डब्याच्या पत्र्यातून बापाने वळवलेलं,
मी पोटात होते त्या हिवाळ्यात.
पत्रा तिसऱ्या पायाशी संपला.
"चौथा उचललाय," तो म्हणाला म्हणे, "चालतंय ना ते."

आठ वर्षांनी तोच चालू लागला.
फार लांब नाही.
नदीपलीकडे, ग्लाफिराच्या घरात.
साचा न्यायचा विसरला.

मी अर्खांगेल्स्कहून एक चार पायांचा आणला होता,
चकचकीत, गंजत नाही म्हणून.
आईने तो खिळ्याला टांगलाय,
त्यात चमचे अडकवते.

पांढरा बलक आणि पिठीसाखर,
हात भरून येईपर्यंत घोटायची.
वहीच्या कागदाचा शंकू, टोकाला सुईएवढं भोक.
शिंगं मी काढते, माझा हात हलतो.
डोळा आईच काढते, श्वास धरून,
एकच ठिपका, आणि हरीण तिच्याकडे बघू लागतं.
बोकडांना गुलाबी चालतो, कोंबड्याला हिरवाही.
हरणाला पांढऱ्याशिवाय काही नाही.
का, असं मी एकदा विचारलं होतं.
"तुला काम नाही का?"

मोडलेली तिथल्या तिथे खायची, हा घरचा कायदा.
म्हणून मी थोडी जोरात उचलते.

शेवटी एक हरीण ती स्वतः बाजूला काढते,
गेल्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात गुंडाळते,
दोरीची गाठ दाताने ओढते.
"लुशा, अंधार वाढायच्या आत ये."
कुठून, ते ती सांगत नाही.
चौतीस वर्षांची मी, शाळेतल्या पोरीसारखी निघते.

बर्फावर वाट दाखवायला
स्प्रूसच्या फांद्या रोवल्यात, एकेक ओलांडत जायचं.
छातीशी पुडकं. कोटातून लवंगेचा वास.

बाप चष्मा शोधतो, मग चष्म्याशिवायच
बोटाने पाय मोजतो.
एक, दोन, तीन.
"चालतंय अजून," म्हणतो,
आणि खिडकीतल्या कळपात ते उभं करतो.
या वर्षीचं धरून सव्वीस हवीत. पंचवीस आहेत.
ग्लाफिरा हंसाच्या पिसाने त्यांची धूळ झाडते,
फडकं लावत नाही, साखर निघेल म्हणून.
दाराशी ती माझी बाही धरते,
"एकोणिसावं उंदरांनी खाल्लं.
सांग तिला. माझं लक्ष नव्हतं."

कागद रिकामा परत जात नाही.
घडी घालून, वर बरणी:
दलदलीतली पिवळी बोरं, मधात बुडवलेली.

आई बरणीचं झाकण टेबलाच्या कडेवर आपटते,
वाटीत ओतते, चाखते.
"मध कमी पडला हिचा," म्हणते,
आणि वाटी बोटाने पुसून खाते.
मग साचा धुऊन भट्टीच्या कडेला वाळत ठेवते,
थेंबही राहू देत नाही.

एकोणिसाव्याचं मी अजून सांगितलेलं नाही.