दाताखाली

मिलचा भोंगा व्हायच्या आत आमची जीप
नान्नजच्या माळाला लागलेली असायची.
पुढं शिवलिंगप्पा वकील, मांडीवर बाराबोर,
स्टिअरिंगवर माझे वडील,
मागं मी, एक रिकामं पोतं,
आणि वडाळ्याच्या अलीकडं चढलेला झिंबऱ्या पारधी.

झिंबऱ्या बोराटीमागं दबून बसायचा,
दोन्ही तळवे तोंडाशी धरून
गळ्यातनं तित्तर काढायचा.
रानातल्या नराला वाटायचं,
कोण बे हा, माझ्या हद्दीत?
मान ताठ करून कुसळातनं बाहेर यायचा
भांडायला.
म्हणून मरायचा.

वकील कोर्टात फार बोलायचे म्हणे.
माळावर एक शब्द नाही.
बार झाला की नुसती हनुवटी हलायची
आणि मी पळायचो.
गरम पक्षी पोत्यात,
काडतुसाची लाल नळी खिशात.
शाळेत तिची शिट्टी व्हायची.
खिशाचा वास दोन धुण्यांतही जायचा नाही.

एकदा एक तित्तर मेलंच नव्हतं.
मी ते सदऱ्याच्या आत घातलं.
पोटाला नखं,
आणि धडधड, त्याची का माझी कळेना.
झिंबऱ्यानं बघितलं. मान फिरवली.

वकिलांनी पोतं ओतलं, बोटानं मोजलं.
"बार सात. पाखरं सहा?"
"एक चुकला की, मालक," झिंबऱ्या म्हणाला.

वडिलांनी गिअर टाकला तो नीट पडला नाही.
वकील शहर येईपर्यंत
काचेतनं बाहेर बघत बसले.
पुढच्या रविवारी वडाळ्याच्या अलीकडं
जीप थांबली नाही.
हात वर करून तो उभा होता,
मी मागच्या काचेतनं तो बारीक होताना पाहिला.

तित्तर तर त्याच दिवशी
घर यायच्या आधीच गार झालं होतं.
आईनं काळ्या मसाल्यात केलं.
छर्रा माझ्या दाताखाली आला,
दाढेचा कोपरा उडाला.

आता मी त्याच माळावर रोजंदारीचा वॉचर.
खाकी शर्ट, शिट्टी सरकारी.
पुण्याची पोरं गणतीला आली,
टेपरेकॉर्डरवर तित्तर लावलं, तीन पहाटा.
एकही बोललं नाही.
मग मीच जाऊन झिंबऱ्याला आणलं.
डोळ्यांत सारा आला होता,
पाय ओळखून टाकत होता.

बोराटीमागं बसला. तळवे तोंडाशी.
पहिली हाक फुटकी निघाली, दात नव्हते.
दुसरी लागली.

गवत हललं नाही.
पवन्यावरचं दव पायजम्यात मुरलं.
पोरांतला एक घड्याळ बघायला लागला.

मग लांब, तलावाच्या अंगाला,
एक नर चिडला.

पोरं हसली, पेन काढलं.
झिंबऱ्यानं मात्र माझा खांदा गच्च धरून
मला खाली दाबलं,
"हलू नको."
आणि डोळे मिटून
बाराची वाट बघत राहिला.

मी त्याच्या हाताखाली तसाच बसलो.
वहीत पोरांनी लिहिलं : तित्तर, नर, १.
जीभ आपोआप
दाढेच्या त्या कोपऱ्याकडं गेली.